पिस्तुलाचा कान

अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन कच्चं, त्याची माफी असावी. मी चौथीपर्यंत शिकले आहे. लातूर जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यात बावीस वर्षं झाडलोट केली, पाणी भरलं, चहा केला. ठाण्याचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नाही. साहेब लोक निवृत्त झाले की आपल्या केसच्या आठवणी लिहितात. मला एकच केस लिहायची आहे. तो दसरा डोक्यातून जात नाही.

त्या वर्षी निवडणूक होती. निवडणुकीआधी लायसनची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. जवळच्या गावचे एक वयस्कर शेतकरी आजोबांचं चकमकीचं पिस्तूल घेऊन आले. निजामाच्या काळातलं. अशा पिस्तुलात नळीच्या तोंडातून दारू आणि शिशाची गोळी घालून गजाने ठासतात. नळीच्या बुडाशी बाजूला बारीक भोक असतं, त्याला कान म्हणत. कानाजवळच्या वाटीत चिमूटभर दारू ठेवायची. चाप ओढला की गारगोटीची ठिणगी वाटीत पडते आणि कानातून आग आत जाते. हे सगळं मला जमादारांनीच सांगितलं होतं. मुद्देमाल त्यांच्या ताब्यात असे.

जमादारांनी नळीत गज घातला. नळी रिकामी असेल तर गज पुरता आत जातो. तो चार बोटं बाहेर राहिला.

"काका, आत काय हाय का?"

"काय न्हाई हो. लई सालाचा गंज हाय. आज्यामागं कुणी ठासलंच न्हाई."

जमादारांनी रजिस्टरला 'रिकामे' लिहिलं. मी तिथेच फरशी पुसत होते.

निकाल लागल्यावर हत्यारं परत द्यायची होती. जमादार म्हणाले, "मावशी, जरा धूळ झटक. लोक नावं ठेवतेत." मला अर्धं काम जमत नाही. मी तेलाचा बोळा घेऊन पिस्तूल घासलं. कान मळाने पार बुजला होता. पदराची पिन काढली आणि तो कोरून मोकळा केला.

जमादार हसले. "चकाचक केलंस की. आता एक टिकली लाव त्याला."

मलाही बरं वाटलं होतं.

पिस्तूल त्या शेतकऱ्याच्या घरी परत गेलं. त्या घराची एक रीत होती. दसऱ्याच्या पूजेत पिस्तुलाच्या वाटीत दारू ठेवायची आणि नव्या सुनेने चाप ओढायचा. नवऱ्याने समोर नारळ धरून उभं राहायचं. भक्कन जाळ व्हायचा, सगळे हसायचे, सून घरची झाली.

दसऱ्याला दुपारी पोलीस पाटलांचा फोन आला, "साहेब, सुनेनं नवऱ्याला गोळी घातली."

मुलगी देगलूरकडची. लग्नाला सहा महिने झालेले. महिला पोलीस बंदोबस्तावर होत्या, म्हणून साहेबांनी मला तिच्याजवळ बसवलं. तिच्या बांगड्या कुणीतरी आधीच फोडल्या होत्या.

"बार कुणी भरला?" साहेबांनी विचारलं.

"कसा भरतेत ते बी मला म्हाईत न्हाई, सर. मामंजीनं हातात दिलं. हे नारळ धरून हसून राहिले होते. म्हणले, भितेस काय, ओढ."

तिचं बोलणं दोन तास फिरून फिरून तिथेच येत होतं. मग सासऱ्यांचा, म्हणजे पिस्तूल जमा करणाऱ्या त्या काकांचा, जबाब झाला.

"माझ्या मायनं ओढलं, माझ्या बायकोनं ओढलं. वाटीतला जाळ सोडून कवाच काय झालं न्हाई. त्याचा कान बुजल्याला होता, साहेब. कुणीतरी मुद्दाम उघडलाय."

साहेब खुर्चीतून उठले. तपासाला धागा मिळाला होता. घराची झडती झाली, सुनेच्या शिलाईच्या डब्यात दाभण सापडलं. पंचनामा झाला, दाभण सील झालं. शेजारणीने सांगितलं की तिला नांदेडला जाऊन कॉलेज पुरं करायचं होतं, नवरा नको म्हणत होता, त्यावरून रोज कुरबुर होती. साहेब जमादारांना म्हणाले, "हेतू मिळाला, हत्यार मिळालं, कान उघडायचं साधनही मिळालं. अजून काय पाहिजे?"

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते.

मी कप विसळायला नळावर गेले, तिथे जमादार आले. "मावशी, रिकामे म्हणून मी लिहिलंय आन् कान तू उघडलायस. बोललीस तर दोघांची बी भाकर जाईल."

मी परत जाऊन तिला चहा दिला. तिने कप दोन्ही हातांनी धरला. "मावशी, कुणी ऐकून न्हाई राहिलं. तुमी तरी ऐका. मी त्या भोकाला हात बी लावला न्हाई."

"चहा पी," मी म्हटलं.

खरं सांगते, भाकरीची भीती होती, पण त्याहून मोठी भीती साहेबांपुढे उभं राहून बोलायची होती. बावीस वर्षांत कोणत्याच साहेबांशी मी 'हो साहेब' याच्यापुढे बोलले नाही.

ती तीन वर्षं तुरुंगात राहिली. निकालाच्या दिवशी मी स्वतःहून लातूरला कोर्टात गेले. बोलायचं ठरवून गेले होते. कान कोणी उघडला ते सिद्ध झालं नाही, म्हणून संशयाचा फायदा देऊन कोर्टाने तिला सोडलं. सासरचे थुंकून निघून गेले. भाऊ आला होता, तो खाली बघत म्हणाला, "अक्का, धाकटीचं लग्न व्हायचं हाय. घरी नको येऊस." शंभराच्या काही नोटा देऊन तोही गेला.

मग तिने मला ओळखलं. जवळ येऊन पायाला हात लावला.

"त्या दिशी एवढ्या ठाण्यात तुमीच मला माणसासारखं वागवलंत, मावशी."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बोलले काहीच नाही. ती एकटीच नांदेडच्या बसमध्ये बसली.

साहेब नव्या पोरांना सांगत, तपासात एकही माणूस विचारायचा सोडू नका. त्या केसमध्ये सगळ्यांचे जबाब झाले, माझा झाला नाही. झाडणारीला काय माहीत असणार. मला कुणी विचारलंच नाही, असं मी पुष्कळ वर्षं मनाला सांगितलं. पण त्या मुलीने विचारलं होतं, आणि मी तिला चहा पी म्हटलं.

गावात अजून म्हणतात, तिनेच मारला, संशयावर सुटली. संशय कोर्टाला होता. मला नव्हता.