रस्त्यापलीकडचा दंड

आमच्या वडिलांच्या हट्टापुढे ब्रह्मदेवानेही हात टेकले असते! देवासात तेव्हा दोन राज्यं होती. रस्त्याच्या अलीकडे एक दरबार, पलीकडे दुसरा. अलीकडच्या फौजेतून वडील जमादार म्हणून पेन्शनीत निघाले, तेव्हा त्यांना एक बंदूक बक्षीस मिळाली. सगळ्या नोकरीचं तेवढंच काय ते उरलेलं. दसऱ्याला ती पाटावर मांडून ते हळदकुंकू वाहत आणि आम्हांला बोटसुद्धा लावू देत नसत.

मी त्याच दरबारात कारकून. एका पावसाळ्यात हुकूम निघाला: मारपिटीसारख्या मामुली गुन्ह्यातही ज्याला दंड झाला असेल, त्याने बंदूक जमा करावी. मला तो पटला, आजही पटतो. ज्याचा हात चटकन उठतो त्याच्याकडे बंदूक कशाला? मी ऐटीत अशा लोकांची यादी उतरवायला बसलो, तर तिसऱ्याच ओळीत वडिलांचं नाव!

घरी येऊन कपाळावर हात मारला. "बाबा, तो कापडवाल्याचा दंड!"

"तो पलीकडचा. पलीकडचा दंड इकडे कोण विचारतो?"

"अहो, दोन्ही दरबारांनी एकमेकांना याद्या दिल्यात!"

कापडवाल्याची हकीकत अशी. आईचं लुगडं हातभर आखूड निघालं, म्हणून मी रस्ता ओलांडून जाब विचारायला गेलो. तो दात काढून म्हणाला, "भिया, माताजी से कहो, थोड़ी दुबली हो जाएँ." मी काडकन त्याच्या मुस्काटात दिली. होय, मी! वडील मागेच उभे होते. माझ्या नोकरीचा अर्ज तेव्हा दरबारात पडलेला. शिपाई येताच ते पुढे झाले, "मी मारलं" म्हणाले आणि दंड भरून मोकळे. मला एक शब्द बोलू दिला नाही. आणि मी तरी कुठे बोललो?

"उद्याच जाऊन खरं सांगतो," मी म्हणालो.

"आणि नोकरी घालव! पोरांना काय घालशील, माती? गाढवा, बंदूक तुझ्या नावावर करून घे. तुझं नाव स्वच्छ आहे."

मी चिडलो, भांडलो, आणि शेवटी अर्ज लिहिला. तो लगेच मंजूरही झाला.

त्या दसऱ्याला वडिलांनी बंदूक मलाच पाटावर मांडायला लावली. "वाहा कुंकू. आता तुझी आहे." ज्या हाताने मुस्काटात दिली होती, त्याच हाताने मी कुंकू वाहिलं. वडिलांनी बंदुकीला बोटसुद्धा लावलं नाही.