तोशीस लागू देणार नाही

घराचे कागद मी तीन वेळा वाचले होते. बंदरावर उतरणारा माल मोजून घेण्याची माझी नोकरी. पोत्यावर लिहिलेलं वजन आणि काट्यावरचं वजन यांत फरक पडतो, हे मला कोणी शिकवायला नको होतं. तरीही मी फसलो. मला कोणी फसवलं, असं मात्र अजूनही नीट म्हणता येत नाही.

महायुद्ध संपून चार-पाच वर्षं झाली होती. रत्नागिरीत भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायको आणि तीन मुलं राहत होतो. अशात एक चिऱ्याचं घर विकायला निघाल्याचं कळलं. पुढे पडवी, आत लांबट माजघर, दोन्ही बाजूंना दोन-दोन खोल्या, मागे विहीर आणि नऊ माड. विकणारा नाटे गावचा, गलबताचा मालक. घर त्याच्या वडिलांनी बांधलेलं, वडील वारलेले. थोरला म्हणून घरपट्टी त्याच्या नावावर होती. त्याला नवं गलबत बांधायचं होतं, म्हणून घर काढलं होतं. धाकटा भाऊ आगबोटीवर खलाशी होता आणि वर्षातून एकदा, भाद्रपदात, रजा घेऊन यायचा.

मी सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत फी भरून मागच्या तीस वर्षांची पुस्तकं तपासून घेतली. गहाण नाही, दान नाही, जप्ती नाही. मग थोरल्याला विचारलं, "धाकट्याची सही?"

"तो बोटीवर. समुद्रात जाऊन सही आणू का? आमच्या वाटण्या कधीच झाल्या. घर मला, नाट्याची जमीन त्याला."

"वाटणीचा कागद?"

"भावाभावांत कागद कसला हो! तुमच्यात लिहितात काय?"

आमच्यातही कोणी लिहीत नसे. तरी मला बरं वाटेना, म्हणून खरेदीखतात एक कलम सावकाश वाचून घेतलं. घरावर कोणीही हक्क सांगितला तर आम्ही पदरखर्चाने त्याचं निवारण करून देऊ, तुम्हांस कोणत्याही प्रकारची तोशीस लागू देणार नाही. खत लिहिणारा हसला. म्हणाला, "हे प्रत्येक खतात असतंच." मी म्हटलं, "असू दे, पुन्हा वाचा." त्याने पुन्हा वाचलं. बायकोच्या पाटल्या आणि गोठ विकून आम्ही त्या घरात राहायला गेलो.

पहिलाच भाद्रपद आला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी पाऊस नुकता थांबला होता आणि मी पडवीत बसलो होतो. एक सावळा, रुंद खांद्यांचा माणूस डोक्यावर गणपती घेऊन अंगणातून सरळ वर आला. मूर्तीवर नवा पंचा होता. पडवी ओलांडून तो माजघरात गेला आणि डाव्या अंगाच्या पहिल्या खोलीपाशी थांबला.

"पाट कुठं ठेवलात, वहिनी?"

बायको माझ्याकडे बघत राहिली. मग मला उलगडा झाला, हा धाकटा. त्या घराण्याचा गणपती एकच, आणि वडिलांनी तो या घरातल्या या खोलीत आणलेला. घर विकल्यावर थोरल्याने गावच्या देवाला कौल लावला होता, पण जागा हलवायला देवाने होकार दिला नाही. थोरला लाजेने आला नाही. धाकटा मूर्ती घेऊन आला.

"दादाने घर विकलं ते विकलं," तो म्हणाला. "देवाला त्याचं काय?"

डोक्यावर मूर्ती घेतलेल्या माणसापुढे मी काय बोलणार? खोलीत आमचं धान्य होतं. बायकोने आणि मी मिळून कणग्या बाहेर काढल्या. त्यांच्या गणपतीचा पाट घराबरोबर माळ्यावरच राहिला होता, तो मी स्वतः उतरवून दिला. ही माझी चूक. पण आमच्याकडच्या कुठल्या घराने वेगळं केलं असतं, ते मला अजून सुचलेलं नाही.

पाच दिवस तो राहिला. माझ्या मुलांना बोटीवरच्या गोष्टी सांगितल्या, बायकोने केलेले मोदक मोजून एकवीस खाल्ले. निघताना म्हणाला, "वहिनी, आमच्या आईच्या हातचे असेच व्हायचे. जरा बारीक व्हायचे, एवढंच." बायको तेव्हा चिडली आणि दुसऱ्या वर्षी बारीक केले. त्याच्याकडून एका कागदावर संमती लिहून घ्यावी, असं माझ्या मनात दर वर्षी येई. पण गणपतीच्या दिवसांत पाहुण्यापुढे दौत-लेखणी ठेवणं मला जमलं नाही, आणि गणपती गेला की तोही बोटीवर जाई. पुढे पुढे श्रावण संपता संपता आम्हीच खोली रिकामी करून सारवून ठेवू लागलो. अशी तेरा वर्षं गेली.

त्या तेराव्या वर्षी थोरला वारला. गलबत त्याआधीच बुरोंडीच्या बाजूला खडकावर फुटलं होतं. धाकट्याची नोकरीही त्याच सुमारास सुटली. आणि वैशाखात माझ्या हातात दाव्याचा कागद पडला. वडिलार्जित घर अविभक्त, वाटणी कधी झालेली नाही. थोरल्याला स्वतःच्या निम्म्यापलीकडे विकण्याचा अधिकार नव्हता. उरलेलं निम्मं घर वादीचं, म्हणजे धाकट्याचं, ते त्याला तोडून द्यावं.

मी खरेदीखत घेऊन वकिलांकडे गेलो. त्यांनी माझं कलम वाचलं आणि कागद खाली ठेवला.

"ज्याने हमी दिली तो गेला. त्याच्या मागे काय आहे?"

"काही नाही. गलबताची लाकडंसुद्धा विकली."

"मग या वाक्याचं लोणचं घाला. अमेरिकेत म्हणे घराच्या हक्काचा विमा उतरवणाऱ्या कंपन्या आहेत. तुमची विमा कंपनी म्हणजे एक माणूस आणि एक गलबत." मग ते बोटं मोजायला लागले. "तुम्ही इथे किती वर्षं राहता? तेरा. भावाला पहिल्याच वर्षी दारातून परत पाठवला असता आणि तो बारा वर्षं गप्प बसला असता, तर आज त्याचा दावा उभाच राहिला नसता. तुम्ही दर वर्षी खोली सारवून दिलीत!"

बारा आणि तेरा. मी सरकारी माल शेराशेराने मोजणारा माणूस, आणि हा हिशेब मला कोणी सांगितला नव्हता.

"एक वाट आहे," वकील म्हणाले. "तो तुमची परवानगी मागून यायचा, एवढं साक्षीत सांगा. परवानगी मागितली म्हणजे मालक तुम्ही, हे त्याने मानलं. मग न्यायाधीश आपल्या बाजूला झुकण्याचा संभव आहे. आणि यंदा त्याला घरात घेऊ नका."

त्या भाद्रपदात तो आला तेव्हा दार आतून लावलेलं होतं. पाऊस पडत होता. खिडकीतून दिसत होतं, त्याने पंचा मूर्तीभोवती घट्ट धरला होता.

"भाऊ, भांडण कोर्टात आहे ना?" तो बाहेरून म्हणाला. "हा कुठे भांडतोय तुमच्याशी?"

बायको दाराच्या कडीपर्यंत गेली. मी म्हटलं, "अर्धं घर जाईल." ती परत आली आणि चुलीपाशी जाऊन बसली. शेजाऱ्यांनी आपल्या मांगरात, अवजारं ठेवायच्या खोपटात, जागा दिली. पाच दिवस तिथली आरती आमच्या माजघरात ऐकू येत होती. मुलं माझ्याशी बोलेनात. त्या वर्षी आमच्या घरी मोदक झाले नाहीत.

साक्षीला मी उभा राहिलो तेव्हा मनात ठरवून गेलो होतो की सांगायचं. दोन शब्दांचं काम होतं. त्याच्या वकिलाने विचारलं, "पहिल्या वर्षी आला तेव्हा वादीने तुमची परवानगी मागितली होती?"

माझे वकील छताकडे बघत होते. धाकटा पलीकडे बसला होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, हातातल्या टोपीची घडी घालत होता.

"नाही," मी म्हटलं.

"मग काय म्हणाला?"

"पाट कुठं ठेवलात, असं म्हणाला."

"आणि दुसऱ्या वर्षी?"

"दुसऱ्या वर्षी काही म्हणाला नाही. पाट कुठे असतो ते त्याला माहीत झालं होतं."

कोर्टात चार माणसं हसली. न्यायाधीशांनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली लिहायला लागले.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "खोटं बोलता येईना?"

"येईना."

"माझ्या पाटल्या गेल्या तेव्हा मी एक शब्द बोलले नाही," ती म्हणाली. "आज बोलते. तुमचा काटा फार बरोबर आहे हो. घरातलं काही त्यात टाकलं की तेवढं कमीच भरतं."

सांगितलं ते खरं होतं, आणि ती म्हणाली तेही खरं होतं.

निकाल त्याच्या बाजूने लागला. अपिलातही तोच राहिला. कोर्टाचा माणूस मोजणीला आला. घराची रुंदी छत्तीस हात भरली, म्हणजे अठराव्या हातावर खूण. मी फितीचं दुसरं टोक धरलं होतं. एकदा त्याची फीत ढिली पडून खूण अर्धा हात माझ्या फायद्याची पडली, ती मीच सुधारून घेतली. खूण माजघराच्या बरोबर मधून गेली. डाव्या खोल्या त्याच्या, उजव्या माझ्या. माड चार-चार आणि नववा सामाईक, विहीरही सामाईक. महिन्याभरात माजघरात चिऱ्यांची भिंत उभी राहिली. तेव्हापासून आमच्या बाजूला दुपारीसुद्धा दिवा लागतो.

थोरल्याच्या वारसांवर हमीचा दावा करायचा का, असं वकिलांनी विचारलं. नाट्याला त्याची विधवा भावाच्या घरी राहत होती. मी नको म्हटलं. खरेदीखत पेटीत आहे. ते कलम मला पाठ आहे.

भिंत झाल्यानंतरच्या पहिल्या भाद्रपदात, चतुर्थीच्या आदल्या दिवशी, धाकटा आमच्या दारात आला. डोक्यावर काही नव्हतं. मूर्ती पलीकडे, त्याच्या दारात ठेवलेली असावी. तो पडवीच्या पायरीखालीच उभा राहिला. पायरी आमच्या हद्दीत येत होती.

"भाऊ, पाट तुमच्याकडे राहिलाय. नेऊ का?"

बायको आतून ऐकत होती. "आता विचारतोय," ती पुटपुटली. मग तिने माळ्यावरून पाट काढला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. मी तो पायरीपर्यंत नेला. त्याने दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि भिंतीच्या पलीकडे गेला.