सूनबाईच्या डंकाची जाहिरात

मंडळी, सत्तरच्या दशकात सांगलीच्या पेठेत टांग्यावरचा कर्णा ओरडायचा, "मिरची आली हो, बघून घ्या!" आज तो आवाज फार आठवला.

सूनबाईनं मिरची कुटायचा डंक घातलाय. जाहिरात मी लिहिली, "रक्तवर्णी स्वप्नांचा सुगंधी चुरा!" ग्रुपवर वाहवा झाली, गिऱ्हाईक मात्र एकही नाही. सूनबाई धास्तावली.

"आवं मामंजी, लय ग्वाड लिवलंय. पर मिरची कुटून मिळंल, ह्ये कुठं हाय त्यात?"

सकाळी तिनंच लिहिलं, "मिरची आणा. समोर बसून चटणी करून न्या." डोळ्यांदेखत कुटल्याशिवाय आमच्या बायकांचं समाधान होतंय थोडंच! दुपारपर्यंत अंगण भरलं. हुश्श!

शाळेतल्या कविता मला अजून पाठ आहेत. पण धंद्याला साधं बोलणंच लागतं, नाही का?

हे लिहितोय तोवर दारात पलीकडच्या गल्लीतली डंकवाली उभी.

"आजोबा, सून हाय का घरात? आमचीबी जाहिरात लिवून पायजे."