पूजेला काढून ठेवलेला हातोडा

नोकरीतल्या कितीतरी केसेस विसरलो. बाळकुमच्या दोन भावांची मात्र दसरा जवळ आला की हटकून आठवते.

दसऱ्याच्या सकाळी फुलं आणायला निघालेली त्यांची गाडी वळणावर घसरून खाडीत गेली. मोठा खिडकीतून बाहेर आला, धाकटा आतच बुडाला. आम्ही अपघात म्हणून नोंद केली, तेवढ्यात खबऱ्याचा फोन आला. ‘साहेब, दोघांचा जमिनीवरून वाद होता. मोठ्याकडे सुरी होती.’ पंचनाम्यात धाकट्याचा सीटबेल्ट अर्धवट कापलेला, शवविच्छेदनात मृत्यू बुडून, पण छातीवर वरवरच्या जखमा. संशयाला एवढं पुरे होतं. धाकट्याची बायको म्हणाली, ‘खरं काय ते शोधा साहेब. मला त्याच घरात राहायचंय.’

मोठ्याच्या चौकशीत मी आवाज चढवला नाही. दरडावलं की घाबरलेला माणूस खोटंही कबूल करतो, हे नव्या पोरांना सांगून मी दमलो.

‘सुरी कशाला घेतलेली?’

‘केळीचे खुंट कापायला. बेल्ट अडकला म्हणून तीच चालवली. पाण्यात हात सटकायचा, टोक त्यालाच लागायचं. तो बोलला, दादा, तू जा.’

‘गाडीत पट्टा कापायचं काही नव्हतं?’



गाडीत स्टिअरिंगजवळ एक रिकामी क्लिप होती. तिथे काय असायचं, हे विचारायला आम्ही घरी गेलो. धाकट्याच्या बायकोने देवघर दाखवलं. खंडेनवमीला मांडलेल्या पाटावर कोयता, पहार, पान्हे आणि त्यांच्यात लाल मुठीचा छोटा हातोडा. एका टोकाला काच फोडायची अणी, दुसरीकडे खाचेत बसवलेलं पातं. वर हळदकुंकू.

‘भाऊजींनीच गाडीतून काढून पूजेला लावलेला. दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलायचं नसतं ना,’ ती म्हणाली आणि तिथेच खाली बसली.

पोलीस ठाण्याच्या आवारातल्या भंगार गाडीचा पट्टा मी तसल्याच हातोड्याने कापून बघितला. एका ओढीत तुटला. जमिनीचा वाद कधीच मिटला होता, हे गावातल्या चौघांच्या जबाबातून कळलं. मारायचंच असतं तर तो पट्टा कापत बसला नसता.

‘घरी जा,’ मी मोठ्याला म्हटलं.

‘कुठल्या तोंडाने जाऊ?’ तो बाकावरून उठेना.

शेवटी धाकट्याची बायकोच आत आली. ‘चला भाऊजी. पोरं जेवायची थांबलीत.’

त्याने तिच्याकडे न बघता चपला घातल्या.

गाडीसाठी टोकदार सुरी घेऊ नका. खाचेतलं पातं घ्या आणि पट्टा लावून बसल्या जागी हात पोचेल तिथे ठेवा. खंडेनवमीला माझ्याही घरी हत्यारं पाटावर मांडतात. गाडीतल्या हातोड्याला हळदकुंकू मात्र मी गाडीतच वाहतो.