गॅरेजची ऊब आणि खिशातली बॅटरी

मंडळी, आज मला स्वतःची लाज वाटते आहे, म्हणून लिहितो.

इथे परदेशात, मिल्टन गावात, घराच्या गॅरेजमध्येच माझं सुतारकाम चालतं. थंडीसाठी मी एका जुन्या सिलिंडरची भट्टी बनवली. तिच्यात गाडीचं काढून टाकलेलं ऑइल जळतं. 'टाकाऊतून ऊब' या विषयावर आपल्या मराठी मंडळात मी भाषण ठोकलं होतं. तुम्ही टाळ्याही वाजवल्या होत्या.

परवा घरातला विषारी वायूचा अलार्म वाजू लागला. "उगाच किंचाळतो," म्हणत मी त्याची बॅटरी काढून खिशात टाकली.

आज दुपारी मुलगी खाली आली. तिची खोली गॅरेजच्या बरोबर वर आहे.

"बाबा, माय हेड हर्ट्स."

मी हातातला रंधा न थांबवता फोनच्या दुष्परिणामांवर दहा मिनिटं बोललो. ती वर गेली.

तासाभराने बायको घरी आली, तेव्हा लेकीला उलट्या होत होत्या.

"अलार्मची बॅटरी कुठंय?"

मी सारवासारव करू लागलो.

"भाषण पुरे! आधी तिला बाहेर आण."

लेक आता बरी आहे, डॉक्टरांनी घरी सोडलं. गॅरेजचं दार मी अर्धं उघडं ठेवायचो म्हणून मला काही झालं नाही, पण भट्टीचा विषारी वायू वर तिच्या खोलीत साचत होता. पण बायकोने बोलावलेल्या अग्निशमन दलाच्या बाईंनी भट्टीकडे बोट दाखवून "हे कुणी बनवलं?" असं विचारलं, तेव्हा तासतास बोलणारा मी 'मी' एवढंच म्हणालो आणि खिशातली बॅटरी त्यांच्या हातावर ठेवली.

दवाखान्यातून परतताना गाडीत लेक हळूच म्हणाली, "आय टोल्ड यू, बाबा."

तुमच्या घरातला अलार्म शेवटचा वाजला, तेव्हा तुम्ही काय केलंत? खरं सांगा.