सातवी ओळ

कोशाच्या कचेरीत सगळे त्यांना काका म्हणत. साहेबसुद्धा, मात्र काम वाढवायचं असलं तरच.

एकतीस वर्षं काका इंग्रजी शब्दांचे अर्थ कार्डांवर उतरवत होते. डोळे अधू झाले होते, मनगट ठणकायचं. आता कोशाची छोटी आवृत्ती निघायची होती आणि प्रत्येक शब्दाला सहाच ओळी होत्या. 'प्रिझर्व्ह'च्या सात झाल्या. जपणे, नासू न देता टिकवणे, साखरेत मुरवलेलं फळ, शिकारीसाठी राखलेलं रान, आणि सगळ्यांत शेवटी शब्दाचं मूळ, लॅटिनमधलं 'आधी' अधिक 'राखणे'.

"मूळ उडवा," साहेब म्हणाले. "कोण वाचतं?"

"साहेब, आधीच राखायचं, हे त्या मुळातच कळतं. नासल्यावर धावाधाव करून काय उपयोग?"

"काका, कोश काढतोय आपण, व्याख्यान देत नाही. सात हव्याच असतील तर कुणाची तरी एक मागून आणा. पानाच्या ओळी वाढता कामा नयेत."

काका टेबलाशी येऊन नुसते बसले. एरवी भांडले असते. आज खोडून मोकळं व्हावंसं वाटलं. त्यांनी ओळीवर पेन टेकवलं, पण रेघ काही ओढवेना. त्यांच्या हातून आजवर एकही शब्द मुळाशिवाय गेला नव्हता.

पुढचे शब्द पलीकडच्या टेबलावरच्या बाईंकडे होते, 'प्रिझाइड'पासून, म्हणजे सभेचं अध्यक्षपद भूषवण्यापासून. दोघांचं वर्षभर बोलणं बंद होतं. खिडकी उघडी ठेवायची की बंद, एवढ्यावरून. काका गुडघ्यावर हात टेकत उठले.

"बाई, एक ओळ मिळेल?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "उघडलंत एकदाचं तोंड! कशाला हवी?"

काकांनी कार्ड पुढे केलं. बाईंनी ते दोनदा वाचलं.

"न्या माझ्या 'प्रिझाइड'मधली. अध्यक्षांची भाषणं तशीही लांबतात, आटोपू देत थोडी. पण ते कार्ड पुन्हा लिहायचं तुम्ही. माझा हात नाही चालत आता."

"माझा तरी कुठे चालतो?"

"मग राहू द्या."

"आणा इकडे," काका म्हणाले.

साडेचार वाजले होते. साडेपाचला शिपाई कार्डं न्यायला येणार होता. काकांनी मनगट चोळलं, बाईंचं कार्ड पुढ्यात ओढलं आणि अध्यक्षांच्या सहा ओळी पाचांत बसवायला घेतल्या.