चौघींनी मिळून सोडवलेलं बीजगणित

घरमालकीणकाकू नसत्या, तर येत्या परीक्षेत मी दहावीचा गणिताचा पेपर कोराच ठेवला असता, आणि तो कोरा का राहिला हेही मला कळलं नसतं.

आमचं गाव यवतमाळकडचं. नववीत शाळा सुटली. आता गावापासून लांब, शाहूपुरीत साड्यांच्या दुकानात घड्या घालते आणि दहावीला बाहेरून बसलेय. वडिलांनी फोनवर साफ सांगितलंय, "यंदा पास झाली त ठीक, नाही त बॅग भरून घरी ये." घरी गेले की लग्न, हे न बोलताही कळतं.

क्लासला वेळ नाही, म्हणून मोबाईलवर ॲप घेतलं. रोज धडा केला की त्यात एक ज्योत पेटती राहते. गर्दीच्या दिवसांत दुकानात फोन नेता येत नसे, तो खोलीवरच राही. मग काकूंच्या त्याच खोलीत माझ्यासोबत राहणाऱ्या राधानगरीकडच्या तिघी मैत्रिणी माझे धडे उरकायच्या. "आगं, तुझी ज्योत विझत हुती, आम्ही वाचिवली की!" मलाही बरं वाटायचं. ॲप म्हणालं, बीजगणित पक्कं. मी फुगले.

काकू पूर्वी शाळेत शिकवायच्या. एकदा त्यांनी कोरा कागद पुढं ठेवला. "हे समीकरण सोडव."

मी पेन उचललं. मग म्हणाले, "काकू, पर्याय सांगा ना."

"पर्याय? पेपरात काय मेनूकार्ड देत्यात व्हय? थोड्या मार्कांना असत्यात, बाकीच्यांना पायऱ्या लिहाव्या लागत्यात, बाई."

तेव्हा उमगलं. मी ॲपनं दिलेली चारही उत्तरं समीकरणात घालून बघायची आणि जुळेल ते दाबायची. उरलेलं मैत्रिणींनी दाबलेलं. ॲप बिचारं आम्हा चौघींना एकच हुशार पोरगी समजत होतं. इतके महिने गेले, आणि मला पहिली ओळसुद्धा लिहिता येत नव्हती.

काकूंनी ॲप काढायला लावलं नाही. "व्हिडिओ चांगला हाय. हवा तेवढ्या वेळा बघ, तो चिडत न्हाय. पण मग फोन पालथा घाल आणि मला शिकव." मी शिकवायला लागते आणि दुसऱ्याच ओळीत अडते. त्या गप्प बसतात. ती शांतता सोसत नाही, पण तिथंच कुठं चुकलं ते दिसतं. मैत्रिणींना फोनला हात लावू देत नाही. ज्योत केव्हाच विझली.

परीक्षा जवळ आलीय. शाब्दिक उदाहरणं अजून जमत नाहीत. झोप उडालीय. पास होईन असं छातीठोक सांगता येत नाही.

पण काकू, पास झाले किंवा बॅग भरून गेले, तरी तुमचं हे देणं मी एक दिवस फेडीन. कसं, ते आज मला माहीत नाही. फेडीन एवढं नक्की.